पुतळ्यांची माळ : वारशाने आलेल्या अलंकाराची ओळख व प्रामाण्य

१. प्रश्नाचे स्वरूप

नाशिकच्या एखाद्या जुन्या घराण्यात वाटणीचा प्रसंग आला म्हणजे वाडा, जमीन आणि भांडीकुंडी यांचा निकाल पंचांच्या विचाराने लागू शकतो. परंतु पेटीतून निघालेल्या पुतळ्यांच्या माळेपाशी विचार अडतो. माळ पेशवाईतील असल्याने ती मोडू नये, असे घरातील वडीलधारे सांगतात. सराफ ती काट्यावर घालतो आणि त्या दिवसाच्या भावाने रक्कम सांगतो. वारस तिघे असतील, तर माळ तोडून पुतळ्या समान वाटून घ्याव्यात, हा मार्ग सर्वांत सोपा वाटतो. यांपैकी कोणाचेही म्हणणे सर्वस्वी निराधार नसते. परंतु प्रत्येकजण एका निराळ्या प्रश्नाचे उत्तर देत असतो.

‘माळ जुनी आहे’ या लहानशा विधानात निदान चार प्रश्न दडलेले असतात. सोने कोणत्या कसाचे आहे? पुतळ्या कोठे व केव्हा पाडल्या गेल्या? त्या माळेत केव्हा गुंफल्या गेल्या? आणि ती माळ त्या घराण्यात केव्हापासून आहे? या चारही प्रश्नांची उत्तरे एकाच काळाकडे बोट दाखवतील असे गृहीत धरण्यास आधार नाही. अस्सल जुन्या पुतळ्या पन्नास वर्षांपूर्वी गुंफलेल्या असू शकतात, आणि शंभर वर्षे घरात असलेली माळ अवघी नकली पुतळ्यांची असू शकते.

एकाच वस्तूवर दोन काळांच्या खुणा कशा नांदतात, याचे उत्तम उदाहरण नाशिकच्या परिसरातच आहे. १९०६ मध्ये जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात १३,२५० च्या आसपास नाणी होती. ती सर्व मूळची क्षहरात क्षत्रप नहपान याची. परंतु त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. अशा नाण्यावर नहपानाचा मुखवटा आणि सातकर्णीची चिन्हे एकमेकांत मिसळलेली दिसतात. ते नाणे नहपानाचे की सातकर्णीचे, असा प्रश्न करणे चुकीचे ठरते. ते दोघांचेही आहे, आणि त्या दोन थरांच्या क्रमातूनच एका सत्तांतराचा पुरावा हाती आला. घरातील दागिन्याकडेही अशाच दृष्टीने, थराथराने, पाहावे लागते.

२. पुतळी : शब्द आणि नाणे

संस्कृत ‘पुत्तली’ या शब्दापासून आलेल्या ‘पुतळी’ला मराठीत बाहुली, लहान मूर्ती असा अर्थ आहे. हाच शब्द सोन्याच्या एका नाण्यासाठीही रूढ झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीतील खजिन्याच्या मोजदादीत होन व मोहरा यांच्याबरोबर पुतळ्याही येतात. हे नाणे मूळचे दूरच्या व्हेनिस नगरराज्याचे. तेथे १२८४ मध्ये सोन्याचे दुकात पाडण्यास आरंभ झाला आणि १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक संपुष्टात येईपर्यंत त्याचे वजन, कस व चित्र जवळजवळ एकसारखे राहिले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, आणि सोने शुद्धतेच्या जितके जवळ नेणे त्या काळी शक्य होते तितके नेलेले. तांबडा समुद्र व इराणी आखात यांच्या मार्गाने हे नाणे पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत येई. शुद्ध सोने म्हणून त्यातील पुष्कळसे आटविले गेले. जे दागिन्यात गेले ते प्रामुख्याने टिकले.

नाण्याच्या दर्शनी बाजूस संत मार्क उभा असून व्हेनिसचा प्रमुख शासक, म्हणजे दोजे, त्याच्यासमोर गुडघे टेकून ध्वजदंड स्वीकारतो, असे चित्र असते. मागील बाजूस लंबवर्तुळात, ताऱ्यांच्या मध्ये, ख्रिस्ताची उभी आकृती असते. येथील लोकांना या मूर्तींची नावे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना नाण्यावर बाहुल्या दिसल्या आणि त्यांनी त्यास ‘पुतळी’ म्हटले. दक्षिणेत याच नाण्याला ‘शाणार काशू’ असे नाव पडले. शाणार म्हणजे ताडी काढणारा. तेथील लोकांनी ध्वजदंडाला ताडाचे झाड मानले आणि त्याला धरणाऱ्या आकृतीला ताडावर चढणारा मनुष्य. एकाच चित्राची ही दोन वाचने आहेत, आणि दोन्ही नावे नाणे कोठून आले हे सांगत नाहीत. पाहणाऱ्याला काय दिसले तेवढेच सांगतात. म्हणून जुन्या यादीतील ‘पुतळ्या’ हा शब्द व्हेनिसच्या टांकसाळीचा पुरावा मानता येत नाही. तशा चित्राचे कोणतेही नाणे किंवा पदक त्या नावाखाली येऊ शकते.

या नाण्याचे दुसरे युरोपीय नाव ‘त्सेक्किनो’. ते व्हेनिसच्या टांकसाळीच्या ‘त्सेक्का’ या नावावरून आले, आणि ‘त्सेक्का’ हा शब्द अरबी ‘सिक्का’पासून. मराठीतील ‘शिक्का’ फारसीच्या द्वारे आला असला तरी त्याचे मूळ तेच. नाणे आणि अलंकार यांच्यातील सीमारेषाही भारतात पूर्वीपासून पुसट आहे. ऋग्वेदात ‘निष्क’ हा गळ्यात घालावयाचा अलंकार आहे. पुढील वाङ्मयात तेच सोन्याच्या नाण्याचे व मूल्याचे नाव झाले. तेर येथील उत्खननात रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेली मातीची पदके मिळाली आहेत. परकी नाणे अंगावर मिरविण्याची आणि त्याची नक्कल करण्याची हौस अशी पुतळीपेक्षा कितीतरी जुनी आहे.

३. वस्तूची साक्ष

आज घरोघर ‘पुतळी’ या नावाने जे ओळखले जाते त्याचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला, व्हेनिसमध्ये पाडलेले दुकात. दुसरा, त्याच्या नमुन्यावरून भारतात पाडलेली भरीव नाणी. तिसरा, सोन्याच्या पातळ पत्र्यावर ठसा उठवून केलेली पदके. यांपैकी काही आतून पोकळ किंवा लाखेने भरलेली असतात. माळ नुसती हातात घेतली तरी तिसरा वर्ग हलकेपणामुळे बहुधा वेगळा पडतो. पहिल्या दोहोंतील भेद मात्र अक्षरांवरून करावा लागतो.

व्हेनिसच्या दुकातावर संताचे नाव, दोजेचे नाव व पदवी, आणि मागे लॅटिन प्रार्थनावाक्य संक्षिप्त रोमन अक्षरांत असते. भिंगाखाली ही अक्षरे लहान, परंतु अर्थपूर्ण क्रमाने लावलेली दिसतात. भारतीय कारागिराने ती अक्षरे म्हणून पाहिली नाहीत, नक्षी म्हणून पाहिली. त्यामुळे काही अक्षरे उलटी होतात, काही नुसत्या उभ्या रेघा बनतात, एकच खूण पुन्हापुन्हा येते. मूर्तींचे चेहरे व वस्त्रेही देशी वळण घेतात. लिपी न जाणणाऱ्याने केलेली लिपीची नक्कल ही भाषेच्या अभ्यासकाला सहज ओळखता येणारी गोष्ट आहे, कारण लेखनिकाच्या चुका आणि चित्रकाराच्या चुका भिन्न जातीच्या असतात. लेखनिक अक्षर गाळतो किंवा शेजारचे अक्षर लिहितो; चित्रकार अक्षराचे अवयव विस्कटतो.

मात्र अशा प्रत्येक नकलेस बनावट म्हणणे योग्य नाही. जिचे सोने पूर्ण कसाचे आहे ती नक्कल धातूच्या बाबतीत कोणालाही फसवीत नाही. ती येथील मागणी भागविण्यासाठी झाली, आणि देशी कारागिरीचा नमुना म्हणून तिला स्वतंत्र मोल आहे. फसविण्याच्या हेतूने केलेल्या प्रती बहुधा ओतीव असतात. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे आणि कडेला सांध्याची रेघ आढळण्याचा संभव असतो. आणखी एक कसोटी साधी आहे. एकाच ठशाने पाडलेल्या दोन नाण्यांचे चित्र सारखे असू शकते. परंतु वापराने पडलेला पोचा आणि ओरखडा सारखा असू शकत नाही. दोन पुतळ्यांवर एकाच जागी एकच ओरखडा दिसला, तर निदान एक पुतळी दुसरीच्या साच्यातून निघाली आहे, किंवा दोन्ही तिसऱ्या एखाद्या नाण्यावरून.

दोजेच्या नावावरून काळाची एक मर्यादा निश्चित होते. लुडोव्हिको मानिन हा शेवटचा दोजे १७८९ ते १७९७ या काळात अधिकारावर होता. त्याच्या नावाची पुतळी असलेली माळ थोरल्या बाजीरावांनी, म्हणजे १७४० पूर्वी, दिली अशी घराण्याची समजूत असेल, तर ती निदान त्या पुतळीपुरती टिकत नाही. परंतु नावही जपून वाचावे लागते. आल्व्हीसे मोचेनिगो या नावाचे चार दोजे होऊन गेले. पहिला सोळाव्या शतकातील, उरलेले तिघे अठराव्या शतकातील. संक्षिप्त नाव तेच. म्हणून अशा नाण्याचा काळ ठरविण्यास कोरीवकामाची तुलना करावी लागते. शिवाय जुने नाणे माळेचे जुनेपण सिद्ध करीत नाही. माळ तिच्यातील सर्वांत अलीकडच्या घटकापेक्षा जुनी असू शकत नाही, आणि तो घटक पुतळी नसून कडी, फिरकी किंवा मागाहून घातलेला मणी असण्याचा संभव असतो. कडी व नाणे यांच्या सोन्याचा रंग वेगळा आहे काय, डाक ताजा दिसतो काय, कडीच्या आतील कड दोऱ्याने झिजली आहे काय, हे पाहणे म्हणून आवश्यक ठरते. सबंध माळेत एकच पुतळी न झिजलेली असेल, तर ती नंतर भरलेली असावी.

धातूच्या परीक्षेत कसोटीच्या दगडाचे महत्त्व अद्याप संपलेले नाही. परंतु कस लावताना थोडे सोने घासले जाते, म्हणून तो नाण्याच्या चित्रावर लावू नये. पाण्यात वजन करून विशिष्ट गुरुत्व काढण्याची रीत निरुपद्रवी आहे. मात्र ती कडी काढलेल्या किंवा मुळात कडी नसलेल्या भरीव नाण्यालाच नीट लागू पडते. शुद्ध सोन्याचे विशिष्ट गुरुत्व १९.३ आहे; २२ कॅरट सोन्याचे, मिश्रणात तांबे किती व चांदी किती यानुसार, १७.६ ते १८ च्या दरम्यान येते. दुकात पहिल्या आकड्याच्या निकट असावयास हवे. क्ष-किरणांच्या साहाय्याने धातूचे घटक मोजणारी यंत्रे आता पेढ्यांवरही असतात. ती पृष्ठभागाच्या अगदी पातळ थराचेच मोजमाप करतात, हे ध्यानात ठेवावे. मुलामा असल्यास मुलाम्याचेच आकडे मिळतील. भारतीय मानक ब्यूरोची दागिन्यांच्या मुद्रांकनाची योजना २००० मध्ये सुरू झाली आणि १६ जून २०२१ पासून विक्रीस ठेवलेल्या दागिन्यांसाठी ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. हे मुद्रांकन कसाची हमी देते. वयाविषयी ते काहीही सांगत नाही.

४. शब्दाची साक्ष

दागिन्याच्या नावावरून त्याच्या वयाविषयी अनुमान करण्याची रीत विद्वानांनी यशस्वीपणे वापरली आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेचा शोध याच मार्गाने घेतला. कर्णभूषणे, कंठभूषणे, वलये यांच्या नावांची रेलचेल असलेल्या प्राचीन संस्कृत वाङ्मयात नाकातील अलंकाराचे नाव मिळत नाही. अमरकोशात एकावली आहे, सत्तावीस मोत्यांची नक्षत्रमाला आहे; नथ नाही. अजिंठ्याच्या चित्रांतील स्त्रिया विपुल अलंकार ल्यालेल्या असूनही त्यांच्या नाकात काही दिसत नाही. शब्द आणि चित्र या दोन्ही साक्षी जुळल्यामुळे नथ सातवाहनकालीन असल्याचा दावा ऐकताक्षणीच संशयास्पद ठरतो.

मराठी दागिन्यांची नावे स्वभावाने अनेक प्रकारची आहेत. बोरमाळ, जवमाळ, चिंचपेटी, बकुळीहार ही नावे फळ, धान्य, फूल यांच्या आकारावरून आलेली. असे नाव आकार टिकेपर्यंत टिकते आणि कोणत्याही शतकातील वस्तूला लागू पडते. बाजूबंद, शिरपेच यांसारखी नावे फारसीतून आलेली आहेत. त्यावरून नावाचा प्रवेश केव्हा झाला याचा अंदाज येतो. वस्तूचा प्रवेशही तेव्हाच झाला असे ठरत नाही, कारण दंडावरचा अलंकार केयूर व अंगद या नावांनी पूर्वीच परिचित होता. नाव नवे व वस्तू जुनी, किंवा नाव जुने व वस्तू नवी, अशा दोन्ही परिस्थिती संभवतात. घरातील वृद्ध स्त्रिया त्या दागिन्याला कोणते नाव देत असत, हे विचारून जसेच्या तसे टिपून ठेवणे म्हणून महत्त्वाचे. त्याऐवजी पेढीवरील प्रचलित नाव लिहिले, तर एक पुरावा नकळत पुसला जातो.

५. कागदाची साक्ष

लग्नातील देण्याघेण्याच्या याद्या, वाटणीपत्रे व गहाणखते यांत दागिन्यांची नावे, नग आणि वजने येतात. जुने कागद बहुधा मोडीत असतात, आणि त्यांतील कालगणना व मापे हीच त्यांच्या खरेपणाची पहिली परीक्षा होते. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ अशी अरबी अंकांची मालिका आढळली, तर ते शुहूर सन ११७२ होय. त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले असता १७७१-७२ हे वर्ष येते. त्याच कागदावर शक, तिथी व वार दिलेला असेल, तर जंत्रीच्या साहाय्याने तिन्हींचा मेळ पाहता येतो. बनावट कागद बहुधा अशा मेळात फसतो.

वजनांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. आठ गुंजांचा मासा व बारा मास्यांचा तोळा, हे कोष्टक सर्वपरिचित आहे; परंतु ११.६६ ग्रॅमचा तोळा हे १८३३ मध्ये इंग्रजी अंमलात ठरलेले प्रमाण आहे. त्यापूर्वी तोळा ठिकठिकाणी थोडाफार निराळा होता. जुन्या यादीतील वजन आजच्या ग्रॅममध्ये मांडून तफावत दिसली म्हणजे माळ बदलली, असा निष्कर्ष तडकाफडकी काढू नये. रुपयाचेही तसेच. चांदवडच्या टांकसाळीतील रुपया आणि १८३५ पासून पाडलेला कंपनीचा एकरूप रुपया हे भिन्न चलन होते. उलट, ग्रॅममधील वजन असलेली सोन्याची पावती साधारणपणे १९५८ नंतरच्या काळातील समजावी, कारण दशमान वजने त्या वर्षापासून क्रमाक्रमाने अमलात आली.

कागदाच्या साक्षीत एक मूलभूत अडचण आहे. कागद बहुतेक पुरुषांच्या नावाने होतात, आणि दागिना बहुधा स्त्रीच्या अंगावरून स्त्रीच्या अंगावर जातो. स्त्रीधन म्हणून आलेली माळ सासूकडून सुनेकडे जाते किंवा आईकडून लेकीकडे. लेकीबरोबर ती दुसऱ्या आडनावात शिरते, आणि विवाहात नाव बदलण्याची चाल असल्याने धारण करणारीचे नावही बदलते. परिणामी घराण्याच्या दप्तरात माळेचा उल्लेख नसणे, हा ती घरात नव्हती याचा पुरावा होत नाही. तो दुवा आजी, आत्या व मावशी यांच्या स्मृतीत शोधावा लागतो. ‘माळ किती जुनी?’ असे विचारल्यास उत्तर बहुधा ‘फार जुनी’ एवढेच येते. ती कोणाच्या लग्नात कोणी घातली होती, मूळ पुतळ्या किती होत्या, कोणत्या अडचणीत किती मोडल्या, पुन्हा कोणी गाठवून दिली, असे विचारल्यास तपासता येण्याजोगी माहिती मिळते.

६. पुरावा नाहीसा होण्याची रीत

वस्तूवरील खुणा एकदा गेल्या की कागदावाचून गत्यंतर राहत नाही, हे नाशिकचेच नाव धारण करणाऱ्या नासक हिऱ्यावरून दिसते. हा हिरा त्र्यंबकेश्वरी शिवाच्या अलंकारांत होता अशी परंपरा आहे. १८१८ मध्ये पेशवाईच्या अखेरीस तो दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांच्या हाती गेला आणि लंडनमधील रंडेल व ब्रिज या जवाहिऱ्यांकडे आला. त्याचे वजन तेव्हा नव्वद कॅरटच्या सुमारास होते. त्या पेढीने त्याला नवा आकार दिला, १८३७ मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या उमरावाने घेतला, आणि १९४० मध्ये पुन्हा पैलू पाडल्यानंतर ४३.३८ कॅरटचा हिरा उरला. मूळच्या देशी घडणीची कोणतीही खूण आज त्याच्या अंगावर नाही. विक्रीच्या अखंड नोंदी असल्यामुळेच तो ‘नासक’ म्हणून ओळखता येतो.

सामान्य घरातील माळेला अशा नोंदींचे पाठबळ नसते. तिचे सारे दप्तर तिच्या अंगावरच असते : अक्षरांत, झिजेत, कडीच्या डाकात, पुतळ्यांच्या संख्येत व क्रमात. उजाळा देताना झीज पुसली जाते, आटविताना अक्षरे जातात, आणि माळ तोडून वाटताना संख्या व क्रम जातो. यांपैकी पहिल्या दोन हानी कोणत्याही उपायाने भरून येत नाहीत. तिसरी मात्र टाळता येते.

७. उपसंहार

वाटणी करू नये असे येथे सुचवावयाचे नाही. तो वारसांचा अधिकार आहे. परंतु माळ तोडण्यापूर्वी तिचे सबंध छायाचित्र, प्रत्येक पुतळीच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, क्रमांक, व्यास, माळेचे एकूण वजन, तोडल्यावर प्रत्येक नगाचे वजन, आणि घरातील वृद्धांचे कथन एवढे टिपून ठेवले, तर माळ तीन घरांत गेल्यावरही तिचा अभ्यास शक्य राहतो. नाण्यांच्या तुलनेसाठी नाशिककरांस दूर जावे लागत नाही. १९८० च्या दशकापासून नाणेशास्त्राच्या संशोधनास वाहिलेली संस्था जवळच अंजनेरी येथे आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही वारसा कशास म्हणावयाचे हे स्पष्ट हवे. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुना अलंकार वा नाणे पुरावशेष ठरते, आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठविता येत नाही. वाड्याच्या पायात किंवा विहीर खणताना सापडलेले धन हे पेटीतून निघालेल्या दागिन्यासारखे नव्हे. त्यास १८७८ चा गुप्तधनाचा कायदा लागू होतो, आणि दहा रुपयांहून अधिक मोलाच्या अशा धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे.

अभ्यासकाने अखेरीस जो अभिप्राय द्यावयाचा तो प्रश्नागणिक वेगळा असावा. उदाहरणार्थ : सोने दुकाताच्या कसाचे, बावीसपैकी नऊ पुतळ्या व्हेनिसच्या, त्यांतील सर्वांत अलीकडची १७८९ नंतरची, उरलेल्या तेरा भारतीय नमुन्याच्या, गुंफण विसाव्या शतकातील, घराण्यातील वास्तव्य तीन पिढ्यांच्या कथनाने समर्थित, कागदाने असमर्थित. असा अभिप्राय ‘पेशवेकालीन’ या एका शब्दाइतका सुखावह नसतो. तथापि वारसांनी माळ विकली, वाटली किंवा जपली, तरी आपण कोणत्या वस्तूविषयी निर्णय घेतला हे त्यांना त्यावरून कळते, आणि पुढील अभ्यासकाला त्यातील प्रत्येक विधान स्वतंत्रपणे तपासता येते.